पांढरी गाडी मागे घ्या

१

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकरा वाजून सात मिनिटांनी, महामार्गावरच्या द्वारकेच्या चौकात सहादू गुंजाळ बांधल्या जाणाऱ्या पुलाचा खांब आणि बारा टनांचा लोखंडी गर्डर यांच्यामध्ये सापडून मेला. वाहतूक वीस मिनिटं तुंबली. तेवढ्या वेळात लोकांनी हॉर्न वाजवले, व्हिडिओ काढले, आणि मग ज्याला मुंबईला जायचं होतं तो मुंबईला गेला, ज्याला पुण्याला जायचं होतं तो पुण्याला.

सहादूचं काम खाली उभं राहून क्रेनवाल्याला वॉकीटॉकीवरून सांगायचं: घे, सोड, थांब. मरताना तो ‘थांब’ असं तीनदा ओरडला. चौकातल्या सहा जणांनी ते कानांनी ऐकलं. ज्यानं ऐकायचं होतं त्या क्रेनवाल्यानं मात्र ऐकलं नाही. आणि तो क्रेनवाला सहादूचा सख्खा मेहुणा होता, देवळ्याकडचा नाथा निकम.

“सरळ केस आहे मॅडम,” निरीक्षक बच्छाव म्हणाले. “नवरात्रात सहादूनं बायकोवर हात उचलला. बायको म्हणजे या नाथाची बहीण. नाथानं भर गल्लीत सांगितलं, ‘दाजी, पुन्हा हात उचलला तर गर्डरखाली घालीन.’ आठ दिवसांत घातला.”

“आधी गल्लीला सांगून मग घातला? भलताच हुशार दिसतो,” अंजली खैरनार म्हणाल्या.

अंजलीबाई पोलिसांच्या बिनतारी विभागातून मागच्या वर्षी निवृत्त झालेल्या. तीस वर्षं कानाला यंत्र लावून बसल्यामुळे त्यांना एक खोड लागली होती. समोरच्या माणसाचं बोलणं त्या मनातल्या मनात दोन रकान्यांत मांडायच्या. एकात न विचारता सांगितलेलं, दुसऱ्यात विचारूनही न सांगितलेलं. दोन्ही रकाने रिकामे असलेला माणूस त्यांना अजून भेटायचा होता.

“नाथा म्हणतो, रेडिओत आवाजच आला नाही,” बच्छाव पुढे म्हणाले. “रेडिओ नवे होते. कुंभमेळ्यासाठी घेण्याआधी या पुलाच्या कामावर वापरून बघत होते. आत कसलातरी इवलासा फिल्टर आहे, दुसऱ्यांची बडबड अडवणारा. परवा बनवणाऱ्या कारखान्यात पंचांसमोर तपासला. एकदम चोख निघाला. तुम्ही जाणकार म्हणून तेवढं ‘रेडिओ ठीक’ असं लिहून द्या. शुक्रवारी मी खुनाचं कलम लावतो.”

अंजलीबाईंनी पेनाचं टोपण काढलं, आणि परत लावलं.

“आधी त्याला विचारते, आवाज आला नाही की दुसराच आला.”

“त्यानं काय फरक पडतो?”

“एका माणसाच्या जन्मठेपेचा.”

२

कोठडीत नाथा भिंतीला टेकून बसला होता. पस्तिशीचा, रुंद खांद्यांचा गडी, पण आतून कोणीतरी हवा काढून घेतल्यासारखा.

“बाई, आधीचे रेडिओ होते ना, त्याच्यात समदी दुनिया बोलायची. बसवाले, सिक्युरिटीवाले, कोनबी. नवे आले तव्हा कारखान्याचे साहेब म्हनले, आता याच्यात फक्त तुझा मानूस बोलंल.”

“आणि त्या दिवशी?”

“त्या दिवशी गर्डर सोडत होतो. दाजी म्हनला, सोड. ते ऐकू आलं, तव्हा तो क्रेनच्या बुडाशीच होता. मंग तो खांबाकडं गेला.” नाथानं ओठ ओले केले. “नियम असा हाय, आवाज तुटला की थांबायचं. पन आवाज तुटलाच नाय ना बाई! कोनीतरी बोलतच होतं. मला वाटलं घुसलं कोनी मधी, आता दाजीचा आवाज येईल. एवढं वाटंस्तोवर...”

“कोणीतरी काय बोलत होतं?”

नाथानं मान खाली घातली. “सांगितलं तर तुमी बी हसाल. पोलीस लय हसले.”

“मी तीस वर्षं पोलिसांचं बोलणं ऐकलंय. माझं हसू केव्हाच संपलं.”

“‘पांढरी गाडी मागे घ्या. नवरीमुलीची गाडी आत येऊ द्या.’ असं दोनदा.” त्यानं डोळे पुसले. “पोलीस म्हनले, दाजी मरतोय अन् तुला वरात दिसतीय व्हय?”

“बहीण भेटायला आली?”

हा प्रश्न नाथाच्या दुसऱ्या रकान्यात गेला.  मग स्वतःहूनच म्हणाला, “चांगुणाला वाटतंय, मीच केलं. तिच्यापायी.”

३

चौकापासून दोनशे पावलांवर एक मंगल कार्यालय होतं. उड्डाणपुलाच्या आडोशाला, क्रेनवरून दिसणं शक्य नाही अशा जागी. फाटकावर सोमा नावाचा रखवालदार, आणि कमरेला त्याचा जुना, टेप गुंडाळलेला वॉकीटॉकी.

“दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी इथं काही होतं का हो?”

“साखरपुडा होता. कशाला आठवन काढता!” सोमा उसळलाच. “एक पांढरी गाडी फाटकात आडवी. मी आतल्या मानसाला सांगतोय, पांढरी गाडी मागे घ्या, नवरीमुलीची गाडी येऊ द्या. तो ड्रायवर शहाणा, फाटकालाच घासली. मालकानं मला झाडलं. मी काय चालवत होतो का गाडी?”

“किती वाजता?”

“ते क्यामेऱ्यात हाय.”

कॅमेऱ्यात होतं. सोमा तोंडाशी वॉकीटॉकी धरून हातवारे करतोय, पांढरी गाडी फाटकाला घासतेय, आणि कोपऱ्यात वेळ: अकरा वाजून सात मिनिटं.

अंजलीबाई फाटकाबाहेर रिक्षाची वाट बघत उभ्या राहिल्या. नाथाला हे वाक्य रेडिओशिवाय दुसऱ्या कुठूनही कळणं शक्य नव्हतं. म्हणजे तो मोबाइलवर नव्हता, झोपला नव्हता, सूड उगवत नव्हता. तो कानात प्राण आणून ऐकत होता. सोमाचा आवाज ज्यानं अडवायचा त्या फिल्टरनं तो आत घेतला होता, आणि ज्याला आत घ्यायचं त्या सहादूला बाहेर उभं केलं होतं.

पण तोच फिल्टर दहा दिवसांनी पंचांसमोर चोख निघाला. मधल्या काळात रेडिओ पोलिसांच्या मुद्देमालाच्या कपाटात होता, लाखेचं सील लावून. सील अभंग होतं, ते बाईंनी स्वतः पाहिलं होतं.

बहिरा झालेला रेडिओ, कुलूपबंद कपाटात बसून, कोणाचा हात न लागता बरा झाला होता.

४

कारखाना अंबडच्या औद्योगिक वसाहतीत. मालक दीपक आहेर चाळिशीचा, गोड बोलणारा. बापाची देवळ्याला कांदा साठवायची खळी. पोरगा इंजिनियर होऊन केसापेक्षा बारीक वस्तू बनवायला लागला, याचं गावाला अजून नवल.

“झोपाळा आठवा बाई,” दीपक म्हणाला. “प्रत्येक झोपाळ्याचा आपला ठेका असतो. त्या ठेक्यात ढकललं की तो उंच जातो. बिनठेक्याचं कितीही ढकला, जागचा हलत नाही. आमच्या फिल्टरमध्ये असे शेकडो झोपाळे आहेत, सिलिकॉनचे, डोळ्याला न दिसणारे. आपल्या माणसाच्या लहरीनं तेवढे झुलतात. बाकीच्यांच्या लहरी येतात आणि हात हलवत परत जातात.”

“आणि झोपाळ्याला वारा लागला तर?”

“लागणारच नाही. प्रत्येक झोपाळा बंद पेटीत, आतली हवा पूर्ण काढलेली.” तो हसला. “आमचं तपासणीचं यंत्र बिघडून दुरुस्तीला गेलं होतं, म्हणून पोलिसांना दहा दिवस थांबावं लागलं. नाहीतर दुसऱ्याच दिवशी तपासून दिलं असतं.”

यंत्राबद्दल बाईंनी काही विचारलं नव्हतं. पहिल्या रकान्यात नोंद झाली.

स्टोअर सांभाळायला रंगनाथ म्हणून साठीचे गृहस्थ होते. कपाळाला अष्टगंध, बोलणं मऊ. त्यांनी तयार माल ठेवायचं काचेच्या दाराचं कपाट दाखवलं. दाराला रबराची कड, आत दमट हवा जाऊ नये म्हणून.

“हे दार दहा सेकंदांवर उघडं ठेवायचं नाही, असा साहेबांचा दंडक,” रंगनाथ म्हणाले. “पण माणूस कठोर वाटला तरी मनाचा हळवा आहे हो. तो मुलगा गेला ना द्वारकेवर, बातमी आली तसे साहेब आधी दवाखान्यात नाही, इथं आले. म्हणाले, काका, माणूस गेलाय आपल्या कामावर, ही सजावट नको. स्वतःच्या हातानं सगळं उतरवलं. कपाटाचं दार सताड उघडलं, पंखा लावला. तीन दिवस तसंच होतं. मला तर भरून आलं.”

“कसली सजावट?”

“खंडेनवमीची! यंत्रांची, हत्यारांची पूजा नको का करायला? पण या खोलीत उदबत्ती नाही, दिवा नाही, फुलंसुद्धा नाहीत. फुलांची धूळ झडते म्हणे. मग मी आपलं डोकं चालवलं.” त्यांनी मोबाइल पुढे केला. “पहिला माल होता. म्हटलं, तो देवीपुढेच असावा.”

फोटोत तेच कपाट होतं. मधल्या फळीवर देवीची तसबीर, तिच्यापुढे फिल्टरची छोटी डबी. आणि वर, कपाटाच्या छताला डोकी टेकवून गर्दी केलेले पंधरा-वीस रंगीत फुगे, खाली लोंबणाऱ्या दोऱ्यांसकट.

“सुंदर,” अंजलीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला. “किती वेळ होते हे?”

“पूजेच्या आदल्या संध्याकाळी लावले ते साहेबांनी उतरवेपर्यंत. दसऱ्याच्या मुहूर्तावर डबी काढली, फिल्टर रेडिओत बसवले, आवारात हॅलो हॅलो करून पाहिलं. झकास चालले. त्यात उरलेले चार परत कपाटात.”

“काका, तोंडानं फुगवलेला फुगा खाली पडतो. हे वर कसे गेले?”

रंगनाथ लहान मुलासारखे खूश झाले.

५

तपासणी करून प्रमाणपत्रावर सही करणारी मुलगी निकिता पगारे. घर उपनगरात, बुद्धविहाराच्या मागच्या कॉलनीत. आईनं चहा ठेवला आणि स्वयंपाकघराच्या दारातूनच म्हणाली, “तुम्हीच विचारा ताई हिला. दहा दिवस झाले, ताटात अन्न चिवडत बसते.”

“आई, तू आत जा ना.”

“जाते. पण बोल बाई एकदाचं.”

निकितानं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. “मी तपासले होते मॅडम. पूजेच्या आदल्या दिवशी, एकेक करून. सगळे पास होते. माझी शपथ.”

“मी कुठं नाही म्हणाले? मला एवढंच सांग, तुमचं यंत्र दुरुस्तीला कधी गेलं?”

तिनं ओढणीचं टोक आणखी घट्ट गुंडाळलं.

“बरं, दुसरं विचारते. अपघात झाल्यावर तू काय केलंस? तुझ्यासारखी मुलगी घरी येऊन झोपली नसणार.”

निकिताचा चेहरा वाकडा झाला, आणि मग ती बोलायला लागली ती थांबेचना. दुसऱ्या दिवशी ती सकाळीच कारखान्यात गेली होती. कपाटातले उरलेले चार फिल्टर यंत्रावर लावले. चारही चुकलेले. आपली लहर सोडून शेजारच्या लहरीवर झुलणारे. ती कागद घेऊन सरांकडे धावली.

“सर म्हणाले, यंत्र बिघडलंय, बंद ठेव. पण मॅडम, यंत्र बिघडलं असतं तर जुने नमुनेही चुकीचे दाखवले असते. ते बरोबर दाखवत होतं. मी तसं म्हटलं, तर म्हणाले, प्रमाणपत्रावर सही कोणाची आहे? तू बोललीस तर आत कोण जाईल?” तिनं नाक ओढलं. “दहाव्या दिवशी म्हणाले, आता लाव. लावले, तर चारही बरोबर! मला वाटलं, मला वेड लागलं. यंत्र कुठंही गेलं नव्हतं मॅडम. जागचं हललं नव्हतं.”

“तो कागद?”

“सरांनी फाडला.” ती उठली, कपाटातून एक वही काढली. “यंत्रातून मी दुसरी प्रत काढली.”

अंजलीबाईंनी वहीतल्या कागदाच्या तारखेवर बोट ठेवलं. अपघाताचा दुसरा दिवस.

“निकिता, मला त्या चारातले दोन फिल्टर लागतील. आणि उद्या यंत्रावर तू बसायचंस. तुझ्या सरांसमोर.”

“ते मला काढून टाकतील.”

“टाकतील,” बाई म्हणाल्या. “खोटं कशाला बोलू?”

दारातून आईचा आवाज आला. “जाईल ती.”

६

गुरुवारी संध्याकाळी तपासणीच्या खोलीत पाच जण होते. बच्छाव घड्याळाकडे बघत, दीपक आहेर भिंतीला टेकून, रंगनाथ स्टुलावर, निकिता यंत्रापुढे. अंजलीबाईंनी मोठ्या पिशवीतून झाकणाचा भलामोठा पितळी डबा काढला आणि टेबलावर ठेवला.

“काल रात्री दोन सारखेच फिल्टर घेतले. एक माझ्या खिडकीत ठेवला. दुसरा या डब्यात, सोबत वाढदिवसाच्या दुकानातून आणलेले वर जाणारे तीन फुगे. झाकण पक्कं लावलं. निकिता, खिडकीतला लाव.”

पडद्यावर एक उंच, टोकदार शिखर उमटलं, बरोबर खुणेच्या रेषेवर.

“आता डब्यातला.”

शिखर उमटलं, पण बुटकं, आणि रेषेपासून सरकलेलं. बच्छाव पुढे वाकले. दीपकनं डोळे मिटले.

“फुग्यात हेलियम असतो,” अंजलीबाई म्हणाल्या. “त्याचे कण इतके बारीक, की रबरातून तर निघतातच, पण हवासुद्धा जिथून जाणार नाही त्या पेटीच्या भिंतीतूनही आत पाझरतात. मग झोपाळ्याला वारा लागतो आणि ठेका चुकतो. त्या कपाटात फिल्टर पूजेच्या आदल्या संध्याकाळपासून दसऱ्यापर्यंत फुग्यांसोबत कोंडलेले होते. आवारात जवळजवळ उभं राहून हॅलो केलं, तर काय, चाललेच. द्वारकेच्या गदारोळात, माणूस खांबाकडे गेल्यावर, उघडे पडले.”

“पण पंचांसमोर चोख निघाला तो?” बच्छाव म्हणाले.

“आत शिरलेला हेलियम साध्या हवेत हळूहळू निघून जातो. आठ-दहा दिवसांत झोपाळा पूर्ववत. तुमचं सील तसंच राहतं आणि पुरावा त्यातून उडून जातो. हे ज्याला ठाऊक होतं त्यानं फक्त दहा दिवस मिळवायचे होते. यंत्र बिघडलं, एवढं म्हटलं की मिळाले.”

“हे तर कुणालाही ठाऊक असेल,” दीपक कोरड्या आवाजात म्हणाला.

“मग काकांना का नव्हतं? निकिताला का नव्हतं?” बाई वळल्या. “माणूस मेल्याची बातमी येते आणि मालक दवाखान्यात न जाता धावत येऊन फुगे उतरवतो. इथवर मीही दुःखच म्हटलं असतं. पण दुःखात माणूस कपाटाचं दार तीन दिवस उघडं ठेवून पंखा लावत नाही, तेही दहा सेकंदांचा दंडक घालणारा. तुम्ही सुतक पाळत नव्हता, दीपकराव. उरलेले चार फिल्टर सुकवत होता.”

निकितानं न बोलता वहीतला कागद बच्छावांपुढे ठेवला.

दीपकनं कागदावरची तारीख वाचली. “सहादूला मी मारलं नाही,” तो म्हणाला. “तो तर गेलाच होता. मी बोललो असतो तर तो परत आला असता का? या कारखान्यावर चाळीस घरं चालतात. कुंभाचं काम गेलं असतं. मी काय केलं बाई? मी काहीच केलं नाही.”

“नाथाला पकडल्याचं तुम्हाला कधी कळलं?”

दीपकनं बच्छावांकडे पाहिलं.

“त्याच संध्याकाळी,” बच्छाव म्हणाले. “मीच फोन केला होता. हे म्हणाले, अरेरे.”

कोपऱ्यात रंगनाथ उठून उभे राहिले होते. इतका वेळ कोणाचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. “गॅस मीच भरला होता,” ते म्हणाले. “पेटीला गळती आहे का बघायला आपल्याकडे टाकी असते ना, त्यातला. म्हटलं, देवीला फुलं नाहीत तर निदान...” वाक्य तिथेच राहिलं. ते पुन्हा स्टुलावर बसले नाहीत आणि कुठे गेलेही नाहीत. निकितानं उठून त्यांचा हात धरला.

७

शुक्रवारी खुनाचं कलम लागलं नाही. पुरावा दडवल्याबद्दल दीपक आहेरला नेलं. नाथाच्या सुटकेचे कागद निघाले, उद्या दुपारपर्यंत बाहेर येईल, असं बच्छाव म्हणाले, आणि जरा घुटमळून, “बहिणीला तुम्ही सांगाल का मॅडम? आमच्या तोंडून ती ऐकायची नाही.”

चांगुणा पेठ रोडला एका खोलीत राहत होती. भिंतीशी सासरच्या दोन बाया बसलेल्या. अंजलीबाईंनी सगळं सावकाश सांगितलं: फुगे, कपाट, रखवालदाराचा आवाज. चांगुणा ऐकत होती. तिच्या कपाळावर कुंकवाच्या जागी फिकट वण होता, कोपरावर मारल्याचा जुना डाग.

“म्हंजी माझ्या भावानं नाय केलं,” ती शेवटी म्हणाली.

“नाही. तो ऐकायला कान लावून बसला होता.”

“मी त्याला सांगितलं होतं, दाजी मारतो म्हनून. इतके दिस वाटत होतं, मी सांगितलं म्हनून मेला.” तिनं पदर तोंडाशी नेला, पण रडली नाही. जणू रडायचं कोणासाठी, हे नव्यानं ठरवायचं होतं. मग तिनं विचारलं, “बाई, कोनी काय सांगत नाय मला. जाताना काय बोलले का ते?”

अंजलीबाईंच्या तीस वर्षांच्या नोकरीत असे निरोप पुष्कळ आले-गेले होते. त्या आता पहिल्यांदा निरोप पोचतो त्या टोकाला बसल्या होत्या.

“थांब म्हणाले. तीनदा.”

“म्हंजी कळलं होतं त्यांना.”

“हो.”

“मला दवाखान्यात म्हनले, काय कळलंच नसंल, येका झटक्यात गेले.” चांगुणानं मान हलवली, हिशेब जुळत नसल्यासारखी. “तीनदा ओरडायला येळ लागतो हो बाई.”

 बाहेर नळाला पाणी आलं होतं, हंडे लागत होते. भिंतीशी बसलेली एक बाई उठली आणि हंडा घेऊन गेली.

“नाथा उद्या सुटतोय,” अंजलीबाई म्हणाल्या. “तुला भेटायला यायचं म्हणतो.”

चांगुणा उंबऱ्याकडे बघत राहिली.

“उद्या नको म्हनावं. भाऊबीजेला ये.” ती थांबली. “ओवाळीन का नाय, ते मला आज सांगता येत नाय. पन ये म्हनावं.”